चपलेचा फोटो: कोल्हापुरी चप्पल ऑनलाइन दुकानात मांडताना

चपलेचा फोटो काढायला अभ्यास कसला करायचा, मोबाईल काढला, क्लिक केलं, झालं की! असं ज्यांना वाटतं त्यांनी एक साधा प्रयोग करून बघावा. घरातली कोणतीही चप्पल फरशीवर ठेवा, उभ्या उभ्याच खाली वाकून तिचा फोटो काढा आणि तो अशा माणसाला दाखवा, ज्याने ती चप्पल कधी बघितलेली नाही. मग त्याला विचारा: तळ किती जाड? रंग नेमका कोणता? चामडं की रेक्झिन? अंगठा सैल असेल की घट्ट? चारपैकी दोन उत्तरं बरोबर आली तरी तुमचा हात चांगला म्हणायचा. ऑनलाइन दुकानातलं गिऱ्हाईक कायम याच अवस्थेत असतं. त्याला चप्पल हातात घेता येत नाही, वास घेता येत नाही, वाकवून बघता येत नाही, पायात घालून दोन पावलं टाकता येत नाहीत. दुकानातला माणूस जे हाताने करतो, ते इथे फोटोने आणि व्हिडिओने करायचं असतं.

या लेखापुरती मी कोल्हापुरी चप्पल निवडली आहे. नाव कोल्हापूरचं असलं तरी आपल्या बेळगाव जिल्ह्यात अथणी, निपाणीच्या भागात ती पिढ्यान्‌पिढ्या बनते. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा ते दोन्ही राज्यांना मिळून होतं: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर असे आठ जिल्हे. सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच नाव कागदोपत्री मान्य झालेलं आपल्याकडे दुसरं काय आहे, आठवून बघा! शिवाय आपल्या मंडळातले काही सभासद याच गावांतून येतात. घरात किंवा शेजारी कुणीतरी चपला करतं, आणि 'तू कॉलेजात शिकतोस ना, मग एवढे फोटो टाकून दे की नेटवर' असं त्यांना कुणी ना कुणी म्हणतंच.

हे काम किरकोळ समजू नका. समजा, एका जोडाची किंमत ९०० रुपये आहे. कातडं, दोरा, मजुरी वजा जाता कारागिराला त्यात २०० रुपये सुटतात. फोटोत चप्पल गडद तपकिरी दिसली आणि प्रत्यक्षात पिवळसर निघाली, म्हणून गिऱ्हाइकाने ती परत पाठवली. जाण्यायेण्याचं कुरिअर मिळून १६० रुपये कारागिराच्या माथी बसले, तर त्या जोडाची कमाई जवळजवळ संपली. तीच चप्पल पेटीत दबून आली असेल तर पुन्हा विकायलाही अडचण. मोठ्या कंपनीला असे दहा जोड परत आले तर तिच्या हिशोबात ते दिसतही नाहीत. घरात बसून आठवड्याला मोजके जोड करणाऱ्याचं मात्र त्यात आठवड्याचं बजेट कोलमडतं. म्हणून फोटो 'छान' येण्याआधी तो खरा यायला हवा.

आधी चप्पल वाचायची

कॅमेरा हातात घेण्याआधी चपलेच्या भागांची नावं माहीत करून घ्या. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे वेगळं सांगायला नको, ज्याला नाव नाही ते डोळ्याला दिसतही नाही. पाय टेकतो तो तळ. मागे टाच. पायावरून आडवा जातो तो पट्टा. तळाच्या दोन्ही बाजूंना पट्टा धरून ठेवणारे बाहेर आलेले पदर म्हणजे कान. अंगठ्याची कडी म्हणजे नुसता 'अंगठा'. पट्ट्यावर बारीक वादी विणून केलेली वेणी, आणि काही चपलांवर मिरवणारा लाल गोंडा. कापशी हा प्रकार गावाच्या नावावरून ओळखला जातो. मोठ्या कानांची ती कानवाली. जुन्या पद्धतीत चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, तळाचे थर चामड्याच्या वादीनेच शिवतात, खिळा मारत नाहीत.

आता यातलं फोटोत काय दाखवायचं ते आपोआप ठरतं. वादीची शिवण दिसली पाहिजे, कारण यंत्रावर चिकटवलेल्या नकली चपलेत ती नसते किंवा नुसती उठवलेली नक्षी असते. वेणी जवळून दिसली पाहिजे. तळाची कड बाजूने दिसली पाहिजे, म्हणजे थर मोजता येतात. आणि चप्पल उलटी करून खालचा भागही दाखवायला हवा. बहुतेक जण हाच फोटो टाळतात. उलटी चप्पल दाखवणं आपल्याकडे अशुभ मानतात म्हणूनही असेल. पण पारखी गिऱ्हाईक दुकानात पहिल्यांदा चप्पल उलटीच करून बघतं.

उजेड

स्टुडिओ लागत नाही. उत्तरेकडची खिडकी असेल तर उत्तम, कारण तिथून थेट ऊन येत नाही आणि उजेड दिवसभर फारसा बदलत नाही. दुसऱ्या बाजूची खिडकी असेल तर तिच्यावर पांढरी पातळ साडी किंवा बटर पेपर ताणून लावा. कारण सोपं आहे: उजेडाचा उगम जेवढा मोठा आणि वस्तूच्या जेवढा जवळ, तेवढी सावली मऊ. उन्हात ठेवलेल्या चपलेची वेणी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत फुटते आणि चामड्याचा पोत नाहीसा होतो.

खिडकी चपलेच्या एका बाजूला घ्या, थोडी मागच्या अंगाला. उजेड तिरपा आला की चामड्यावरचे बारीक कण, ठशांची नक्षी, विणीचा चढउतार सगळं उठून दिसतं. समोरून, म्हणजे कॅमेऱ्याच्या बाजूने उजेड आला की सगळं सपाट. म्हणूनच मोबाईलचा फ्लॅश इथे अजिबात चालत नाही. खिडकीच्या समोरच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा करा, तो सावलीच्या बाजूला उजेड परत फेकतो. वीस-तीस रुपयांचा थर्माकोल जे काम करतो ते बघून नवल वाटतं.

एक पथ्य मात्र पाळा: खिडकीचा उजेड घेतला की घरातला बल्ब आणि ट्यूब बंद. दिवसाच्या उजेडाचं रंगतापमान ५५०० केल्विनच्या आसपास असतं, पिवळ्या बल्बचं २७०० च्या. दोन्ही एकत्र आले की चपलेची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळी होते, आणि मग कोणत्याही अ‍ॅपमध्ये ते धड दुरुस्त होत नाही.

कोल्हापुरी सोडून दुसऱ्या पादत्राणांबद्दल दोन शब्द. चकचकीत काळ्या बुटाचा फोटो काढताना आपण खरं तर बुटाचा नाही, बुटात दिसणाऱ्या खोलीचा फोटो काढत असतो. खिडकीची चौकट, आपला स्वतःचा शर्ट, सगळं त्यात उमटतं. तिथे भोवती पांढरे पुठ्ठे उभे करून बुटाला 'बघायला' फक्त पांढरंच ठेवायचं. पांढऱ्या बुटाचं उलटं: पांढऱ्या पार्श्वभूमीत त्याची कड हरवते, म्हणून दोन्ही बाजूंना, फ्रेमच्या बाहेर, काळा पुठ्ठा लावायचा. कोल्हापुरीला यातलं काही फारसं लागत नाही.

पार्श्वभूमी, अंतर, कोन

पांढरी कार्डशीट भिंतीला वर चिकटवून टेबलावर वळवत खाली आणा, घडी पडू देऊ नका. मोठ्या दुकानांच्या अटी ठरलेल्या असतात. उदाहरणार्थ, अ‍ॅमेझॉन मुख्य फोटोला निव्वळ पांढरी पार्श्वभूमी मागतं, वस्तूने चौकटीचा सुमारे ८५ टक्के भाग व्यापावा म्हणतं, आणि पादत्राणांत जोड नव्हे तर एकच नग, डावीकडे तोंड करून ४५ अंशांत ठेवलेला हवा असतो. झूम होण्यासाठी फोटोची लांब बाजू किमान १००० पिक्सेल लागते. साध्या १२ मेगापिक्सेलच्या मोबाईलमध्येही ती ४००० च्या आसपास असते, तेव्हा काळजी नको. अटी अधूनमधून बदलतात, टाकण्याआधी त्या त्या दुकानाच्या विक्रेत्यांच्या पानावर एकदा नजर टाकावी.

पांढऱ्यावर फोटो काढला की तो मळकट करडा येतो, ही सगळ्यांची तक्रार. मोबाईल बिघडलेला नसतो. समोरचं दृश्य सरासरी मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून कॅमेरा उजेड मोजतो. मग पांढऱ्यालाही तो करड्यावर आणून ठेवतो. उपाय: चपलेवर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड कुलूपबंद होतील, मग बाजूला येणारं सूर्याचं चिन्ह हळूच वर सरकवा. कागद पांढरा झाला पण चामड्याचा पोत अजून दिसतोय, तिथे थांबा. पार्श्वभूमी कापून टाकणारी अ‍ॅप्स सोपी आहेत खरी, पण ती गोंड्याचे धागे खातात, विणीच्या कडा कुरतडतात आणि खालची सावली पुसून टाकतात. सावली गेली की चप्पल हवेत तरंगायला लागते. थोडी मऊ सावली राहू द्यावी.

आता अंतर. यातच सर्वात जास्त घोटाळा होतो. मोबाईलची नेहमीची लेन्स रुंद असते, जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या मापात २४ ते २६ मिलिमीटर. ती चपलेजवळ नेली की पुढचा भाग फुगतो आणि टाच लहान होते. सात नंबरची चप्पल विदूषकाच्या बुटासारखी दिसते. चार-पाच फूट मागे जा आणि २एक्स झूम लावा. आकार लगेच जागेवर येतो. दोष लेन्सचा वाटतो, पण मूळ कारण अंतर आहे: जवळ उभं राहिलं की जवळचं मोठं आणि लांबचं लहान दिसतंच. कॅमेरा असलेल्यांनी ५० मिलिमीटर किंवा त्याहून लांब लेन्स, एफ/८ ते एफ/११, आयएसओ १०० आणि ट्रायपॉड असं धरावं, म्हणजे अंगठ्यापासून टाचेपर्यंत सगळं स्पष्ट राहतं. पार्श्वभूमी धूसर करणारा 'पोर्ट्रेट मोड' वाढदिवसाला वापरा, इथे नको.

कॅमेऱ्याची उंची चपलेच्या उंचीपेक्षा किंचित वर. मग ४५ अंशांतला एक, पूर्ण बाजूने एक, मागून टाचेचा, बरोबर वरून जोडाचा, उलटा तळ, विणीचा जवळून आणि शेवटी पायात घातलेला. कोल्हापुरी सपाट असल्यामुळे वरून घेतलेला फोटो इथे फार महत्त्वाचा. त्याच फोटोची एक प्रत स्टीलची फूटपट्टी शेजारी ठेवून काढा आणि लांबी सेंटीमीटरमध्ये दाखवा. नंबरांचा गोंधळ तुम्हाला माहीत आहेच. इंग्लिश मापात एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, सुमारे साडेआठ मिलिमीटर; युरोपीय मापात एक नंबर म्हणजे पाऊण सेंटीमीटरहूनही कमी. त्यातून हाताने केलेल्या चपलेत कारागिरागणिक फरक. सेंटीमीटर मात्र कुठेही सेंटीमीटरच.

रंगाचा प्रश्न

साल आणि हिरड्याने कमावलेल्या चामड्याचा रंग ठरावीक नसतो. एकाच खेपेतले दोन जोड वेगळे दिसतात. तेल लावलं की गडद होतात, वापरून आणि उन्हाने आणखी गडद होतात. मग 'खरा रंग' कोणता दाखवायचा? काही जण फिल्टर लावून सगळ्यांना एकच मधाळ रंग देतात. फोटो देखणा होतो, विक्रीही होते, आणि आठ दिवसांनी चपला परत यायला लागतात. मला याहून चांगला वाटणारा मार्ग असा: त्या खेपेतले सर्वात फिकट, मधला आणि सर्वात गडद असे तीन जोड शेजारी ठेवून एकच फोटो काढावा आणि खाली लिहावं की यांच्या दरम्यानची कोणतीही छटा येईल. जमल्यास वर्षभर वापरलेल्या जोडाचाही फोटो द्यावा. चामडं कसं मुरतं हे बघून घेणारा घेतो, ज्याला एकसारखा रंग हवा तो दुसरीकडे जातो. दोघांचंही भलं.

रंग तपासायला फोटोच्या कोपऱ्यात एक साधा पांढरा कागद ठेवून पहिला फोटो काढा. संपादन करताना तो कागद पांढरा दिसेपर्यंत व्हाइट बॅलन्स हलवा, आणि तेच मूल्य बाकीच्या फोटोंना लावा. मग चप्पल पडद्याशेजारी धरून बघा. ती खिडकीत धरायची, ट्यूबखाली नाही.

यामागे कायदाही आहे. २०२० च्या ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याची जाहिरात मालाच्या प्रत्यक्ष गुणांशी जुळली पाहिजे, आणि जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला तो नकार देऊ शकत नाही. फोटो ही जाहिरातच.

व्हिडिओ: जे फोटोत मावत नाही

कोल्हापुरीची एक गोष्ट कोणत्याही फोटोत येत नाही, ती म्हणजे तिचा आवाज. करकर वाजणारी चप्पल घालून माणूस वाड्यात शिरला की आतल्यांना कळायचं. हा आवाज हौसेने करून घेतला जातो, आणि तो ऐकवायचा तर व्हिडिओच हवा. शांत खोलीत, पंखा बंद करून, शहाबादी फरशीवर चालायला सांगा आणि मोबाईल घोट्याच्या उंचीला, पायापासून हातभर अंतरावर ठेवा. त्यावर गाणं लावू नका. गाणं लावलं की ज्यासाठी व्हिडिओ काढला तेच गेलं.

पण लक्षात घ्या, दुकानांच्या पानांवर व्हिडिओ बहुधा आवाज बंद ठेवूनच सुरू होतात. म्हणून पडद्यावर एक ओळ हवी, 'आवाज सुरू करा, करकर ऐका' अशी साधी. मराठीबरोबर कन्नड आणि हिंदीतही द्या. आपल्याकडचं गिऱ्हाईक तिन्ही भाषांतलं आहे.

बाकी व्हिडिओत फार हुशारी नको. वीस-तीस सेकंद पुरतात. केकवाल्यांकडे मिळणारं फिरतं स्टँड घ्या, चप्पल त्यावर ठेवून एक सावकाश फेरी. मग हाताने तळ किंचित वाकवून दाखवा, विणीवरून बोट फिरवा, म्हणजे वेणी खरी विणलेली आहे हे कळतं. मग उलटा तळ. मग चाल. मोबाईल स्थिर ठेवा, हलू द्यायची ती चप्पल. घरातल्या दिव्यांखाली चित्रण करावं लागलं तर पडद्यावर आडवे पट्टे सरकताना दिसतात. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवलं की पट्टे जातात.

सर्वांत परिणामकारक चित्रण कामाचं असतं: रापीने कातडं कापणारा हात, आरीने भोक पाडून वादी ओढणारा हात. इथे मात्र थोडं थांबा आणि विचारा. चेहरा दाखवायचा का? नाव लिहायचं का? या धंद्याकडे समाजाने कसं बघितलं हे आपण सगळे जाणतो. कुणाला आपलं नाव चपलेखाली अभिमानाने हवं असतं, कुणाला मुलीच्या लग्नाआधी ते नेटवर नको असतं. दोन्ही उत्तरं मुकाट मान्य करायची. आणि वेणी घालायचं, शिवायचं बरंचसं काम घरातल्या बायका करतात. त्यांना फ्रेमच्या बाहेर ठेवून फक्त पुरुष कारागिराला 'कलाकार' म्हणून दाखवणं मला पटत नाही.

फोटोखालची ओळ

२०२५ च्या जूनमध्ये मिलानमध्ये प्राडा या इटालियन कंपनीच्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्याच चपला रॅम्पवर आल्या. फोटो जगभर गेले. पण त्यांची ओळख नुसती चामड्याच्या सँडल अशी होती. कोल्हापूरचं नाव नव्हतं की अथणीचं. आपल्याकडून ओरड झाल्यावर कंपनीने प्रेरणा भारतीय हस्तकलेतून घेतल्याचं मान्य केलं. चपलांच्या चित्रांवर कुणाचा आक्षेप नव्हता, आक्षेप होता तो चित्राखाली न लिहिलेल्या शब्दांवर. साहित्य मंडळाच्या सभासदांना काम आहे ते इथे.

ऑनलाइन दुकानातलं वर्णन सहसा असं असतं: 'उत्तम दर्जाची, आकर्षक, पारंपरिक चप्पल.' या तीन विशेषणांतून काहीही कळत नाही. त्याऐवजी लिहा: 'अथणीत हाताने शिवलेली. तळ म्हशीच्या कातड्याचा, तीन थरांचा. शिवण चामड्याच्या वादीची, खिळा नाही. सुरुवातीला अंगठा घट्ट वाटेल, आठवडाभरात सैलावतो. पावसात घालू नये. भिजल्यास सावलीत वाळवावी.' थर मोजून, कारागिराला विचारून, जेवढं खरं तेवढंच लिहायचं. शेवटचं वाक्य लिहायला दुकानदार घाबरतात. पण जुलैत भिजून फुगलेली चप्पल परत येण्यापेक्षा ते बरं. आणि भौगोलिक मानांकनाचं नाव वापरायचं तर चप्पल त्या आठ जिल्ह्यांतली आणि चामड्याची असली पाहिजे. बाहेरच्या कारखान्यातल्या रेक्झिनच्या चपलेखाली 'अस्सल कोल्हापुरी' लिहून देण्याचं काम कुणी दिलं तर पैसे कितीही असोत, नको म्हणा.

शेवटी फोटो कुणाचा, हा प्रश्न. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटोचा पहिला मालक तो काढणारा असतो. पण कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर मालकी काढून घेणाऱ्याची. म्हणजे कारागिराने तुम्हाला पैसे दिले तर फोटो त्याचे. फुकट काढून दिलेत तर तुमचे, आणि मग ते त्याने कुठे वापरायचे हे एका कागदावर लिहून द्या, म्हणजे उद्या वाद नको. दुसऱ्याच दुकानाने तुमचे फोटो उचलून स्वतःच्या नकली मालाखाली लावले, तर तक्रार करताना मूळ फाइल लागते. म्हणून मूळ फोटो मोबाईलमधून पुसू नका, तारखेच्या नावाने फोल्डर करून वेगळे ठेवा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवताना 'फोटो' म्हणून नाही, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. नाहीतर एवढी मेहनत घेऊन टिपलेली वेणी पलीकडे पोचेपर्यंत धूसर झालेली असते.